डब्यातली पावडर की ताटातलं वरण? प्रतिकारशक्तीचा साधा हिशोब



गेल्या काही महिन्यांत मुदखेड तालुक्यात कुठल्याही गटाच्या बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ती ताकदीची पावडर घ्यावी का? प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात." एक डबा हजार-बाराशे रुपयांचा. कुणी रोख घेतला, कुणी हप्त्यावर. एक-दोन गटांत तर डब्यासाठी अंतर्गत कर्जाची मागणी आली.

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. त्यामुळे आरोग्यासाठी कर्ज मागणं चुकीचं नाही. पण शेळीसाठी कर्ज देताना आपण शेळीचे दात बघतो, वय विचारतो. मग पावडरसाठी कर्ज देताना ती शरीरात नेमकं काय करते, हे विचारायला नको का? त्यासाठी आधी प्रतिकारशक्ती म्हणजे काय ते समजून घेऊ. या महिन्याचा धडा त्यावरच आहे. बैठकीत मोठ्याने वाचा.

शरीराची राखण कशी चालते?

हरभऱ्याला घाटे लागले की आपण राखण करतो. आधी कुंपण, मग राखणदार, आणि मोठं जनावर शिरलं तर चार माणसांना हाक. शरीराचंही तसंच आहे.

पहिलं कुंपण म्हणजे कातडी. नाकातला शेंबूड, डोळ्यातलं पाणी, तोंडातली लाळ आणि पोटातलं आम्ल हे सगळे त्या कुंपणाचेच भाग. धुळीबरोबर आलेले जंतू शेंबडात अडकतात, पाण्यातून गेलेले बरेचसे आम्लात मरतात. फुलं तोडताना गुलाबाचा काटा बोटात गेला की कुंपणाला भोक पडतं.

मग राखणदार धावतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे आपले राखणदार. त्या हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. जखमेपाशी त्या गोळा होतात आणि जंतूंना गिळतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. जो पू येतो त्यात लढून मेलेल्या पेशी असतात. ताप येणं हाही राखणीचाच भाग आहे, कारण अंग तापलं की बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जोमाने काम करतात.

पायाची जखम पिकली की जांघेत गाठ येते, त्याला आपण अवधाण म्हणतो. अशा गाठी मानेत, काखेत, जांघेत सगळ्यांना असतात. एरवी त्या हाताला लागत नाहीत. जंतू शिरला की राखणदारांची तिथे बैठक भरते, म्हणून गाठ फुगते.

या बैठकीत खास काम होतं. आलेला जंतू कसा आहे हे ओळखून नेमका त्यालाच पकडणारा पदार्थ तयार होतो. त्याला प्रतिपिंड म्हणतात. पहिल्यांदा हे तयार व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. पण एकदा झालं की शरीर त्याची नोंद ठेवतं. आपण गटाच्या रजिस्टरला कर्ज लिहून ठेवतो तशीच ही नोंद! तोच जंतू पुन्हा आला की शोधाशोध करावी लागत नाही, पान उघडलं की काम सुरू.

लस म्हणजे रजिस्टरमधली आगाऊ नोंद

पन्नाशीच्या पुढच्या मावशींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या हातावर देवीच्या लसीचा गोल व्रण असेल. त्या लसीने शरीराला देवीच्या रोगाची ओळख आधीच करून दिली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्यानंतर हा रोग देशातून गेला. पोलिओचंही तेच. २०११ च्या जानेवारीनंतर देशात त्या जंगली विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही.

लस नसते तेव्हा काय होतं, हे आपल्या सावित्रीमाईंच्या आयुष्यात दिसतं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. माई रुग्णांची सेवा करत होत्या, त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेऊन तपासली होती. म्हणजे दोन्ही तारखांमध्ये फक्त दोन महिने. परळची हाफकिन संस्था आजही त्यांच्याच नावाने आहे.

म्हणून लेकराची लस चुकवू नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. "गोवर काय, सगळ्यांनाच येतो" असं म्हणू नका. गोवर शरीराच्या रजिस्टरची पानंच फाडतो. आधी झालेल्या आजारांच्या नोंदी पुसल्या जातात आणि पुढे बरेच महिने लेकरू दुसऱ्या आजारांना बळी पडतं. लसीने मात्र असं होत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली, लेकरं दगावली. त्यातल्या बऱ्याच लेकरांना लस मिळालेली नव्हती.

जितकी जास्त तितकी चांगली का?

डब्यावर लिहितात, "प्रतिकारशक्ती वाढवा." पण राखणदार फार चेकाळले तर घरच्याच माणसाला चोर समजून मारतात. काही दम्याचे प्रकार, अंगावर उठणाऱ्या गांध्या, सांधे वाकडे करणारा आमवात, हे राखणदार चुकीच्या ठिकाणी लढल्यामुळे होणारे आजार आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया बारे म्हणजे जीबीएस आजाराच्या बातम्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. सिंहगड रस्त्याच्या भागात, धायरी, किरकटवाडी, नांदेड या गावांत रुग्ण जास्त होते. हे नांदेड पुण्याजवळचं, आपलं नव्हे. संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. काही रुग्णांच्या तपासणीत पोट बिघडवणारे जंतू सापडले आणि दूषित पाण्यावर संशय आला. या आजारात होतं असं की शरीर जंतूशी लढायला उठतं आणि त्या भरात स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. हातपाय लुळे पडतात.

म्हणून राखण नुसती जोरात असून भागत नाही. ती धडधाकट हवी, वेळेवर उठणारी हवी आणि काम झालं की शांत बसणारी हवी. पावडर खाऊन ती अशी होते, याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. अन्नाने होते, याचा मात्र पक्का पुरावा आहे.

डाळीचा पुरावा

प्रतिपिंड प्रथिनांचे बनतात आणि राखणदार पेशी तयार व्हायलाही प्रथिनं लागतात. प्रथिनं म्हणजे डाळी, शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, मटण. ती कमी पडली की कुंपणही पातळ आणि राखणदारही थोडे. अशा शरीरात टीबीचा जंतू लवकर डोकं वर काढतो.

आपल्या देशात झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरातले १०,३४५ लोक त्यात होते. औषधं सगळ्या रुग्णांना मिळत होतीच, धान्यही रुग्णांना मिळत होतं. फरक घरच्यांच्या बाबतीत केला. काही घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या घरांत घरच्यांना हे दिलं नाही. २०२३ मध्ये निकाल आला. ज्या घरच्यांना हे अन्न मिळालं त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तपासणीत जंतू सापडतो असा फुफ्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्याने कमी झाला.

तायांनो, तूरडाळ! जी आपल्या मराठवाड्याच्या रानात पिकते आणि लातूरच्या डाळमिलांतून देशभर जाते, तीच.

आता हिशोब करू. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य आपल्याला मिळतंच. त्या अभ्यासातल्या पिशवीतली मोठी वस्तू जी आपल्या घरात कमी पडते, ती म्हणजे डाळ. डब्याची किंमत १,२०० रुपये धरा. डाळ किलोला १५० रुपये धरली तर त्याच पैशात ८ किलो येते. माणशी दीड किलोने पाच जणांच्या घराला महिनाभर पुरून थोडी उरते. कर्ज द्यायचंच असेल तर कशासाठी द्यायचं, ते हा हिशोब सांगतो.

हे मी का सांगते? एका गावातल्या ताईंच्या घरी सासऱ्यांना टीबी निघाला. घाबरून त्यांनी लेकरांसाठी दोन डबे घेतले, हप्त्यावर. मी गेले तेव्हा घरात डाळ संपून आठ दिवस झाले होते. भाकरी आणि ठेचा चालू होता. लेकरांची टीबीची तपासणी झालेली नव्हती. त्या ताईंची माया खोटी नव्हती. घाबरलेल्या आईला विकणाऱ्याने काय विकलं, हा प्रश्न आहे. नंतर आशाताईंच्या मदतीने सगळ्यांची तपासणी झाली आणि गटाने डाळीसाठी छोटं कर्ज दिलं.

बाईला किती लागतं?

साधारण ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४५-४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याहून जास्त. ती कशातून मिळतात, ते अंदाजाने असं:

- ज्वारीची एक भाकरी: ५ ग्रॅम
- ३० ग्रॅम कच्च्या डाळीचं वरण: ७ ग्रॅम
- मूठभर शेंगदाणे: ७ ग्रॅम
- एक अंडं: ६ ग्रॅम
- एक ग्लास दूध: ६ ग्रॅम
- ३० ग्रॅम सोयाबीन: १० ते ११ ग्रॅम

तीन भाकरी, दोन वेळा घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, एक अंडं आणि ग्लासभर दूध, झालं की! सोयाबीन सगळं मोंढ्यावर नेऊ नका, पायलीभर घरी ठेवा. कच्चं खायचं नाही. भाजून, नऊ भाग धान्यात एक भाग घालून दळून आणा.

डाळीसोबत पालेभाजी हवी. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, पाथरी, हरभऱ्याचा पाला आपल्याला रानात आणि परसबागेत मिळतो. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच निघालं आहे. रक्त कमी असलं की राखणही ढिली पडते. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. लोहाच्या गोळ्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळीने संडास काळी होते, त्याला घाबरू नका.

आणि जेवायला शेवटी कोण बसतं?

हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा लिहिते. वरण किती केलं यापेक्षा ते कुणाच्या ताटात गेलं हे महत्त्वाचं. पहाटे चारला उठून झेंडू तोडायला जाणारी, हळद शिजवणीच्या दिवसांत भट्टीपाशी उभी राहणारी बाई रात्री तळाचं पाणी आणि अर्धी भाकर खाते. मग म्हणते, "मला सारखी कणकण असते, ताकदीचं काही द्या." ताकद पातेल्यात होती, ती वाट्याला आली नाही. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, किंवा आपली वाटी आधीच काढून ठेवायची. यात स्वार्थ नाही. आई आजारी पडली की घराचं कुंपणच पडतं.

सलाईन, काढे आणि पावडर

"अशक्तपणा आला, एक सलाईन लावा" हे आपल्याकडे सर्रास चालतं. बाटलीत काय असतं? साखरेच्या ५ टक्के सलाईनच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं तर सलाईन जीव वाचवते. पण प्रथिनं, लोह त्यात काहीच नाही. नुसत्या ताकदीसाठी लावली तर तिच्यात एका भाकरीचंही बळ नाही.

काढ्याचंही बघा. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल पिणं सुरू झालं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण मिळाले, ज्यांच्या लिव्हरला सूज आली होती. त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती खरी गुळवेल नसून तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. कुणाचंही बरोबर असो, आपल्यासाठी शिकवण एकच. झाडपाल्याचं आहे म्हणून ते निर्धोकच असतं असं नाही, आणि पुडीत काय आहे हे आपल्याला दिसत नाही. आलं-तुळशीचा चहा, हळदीचं दूध जरूर घ्या, घशाला बरं वाटतं. पण रोजचा काढा महिनोन् महिने डॉक्टरांना किंवा वैद्यांना न विचारता घेऊ नका. शुगर, बीपीची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

पावडर कुणी विकायला आलं तर तीन गोष्टी विचारा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि साखर किती? एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर कुठे आहे? पक्कं बिल देणार का? आणि लक्षात ठेवा, नंबर असला तरी त्याने आजार जातो असं होत नाही.

बिनपैशाच्या चार गोष्टी

१. झोप: रात्री सात तास. झोप कमी पडली की सर्दी-पडसं लवकर धरतं. हंगामात जमत नसेल तर दुपारी अर्धा तास तरी पाठ टेका आणि घरच्यांना कामाची वाटणी करायला सांगा.

२. पाणी आणि हात: पावसाळ्यात पाणी उकळून प्या. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. जंतू आत गेलाच नाही तर राखणदारांना पळावं लागत नाही.

३. धूर आणि मिश्री: नाकापासून फुफ्फुसापर्यंत बारीक केस असतात, ते जंतू बाहेर ढकलतात. चुलीच्या धुराने ते निकामी होतात. खिडकी उघडी ठेवा, जमेल तेव्हा गॅस वापरा. मिश्री आणि तंबाखू तर सोडाच, तोंडाचं कुंपण त्यानेच जळतं.

४. शुगर: साखर वाढलेली राहिली की राखणदार सुस्त होतात, जखम भरत नाही. तिशीच्या पुढच्या सगळ्यांनी उपकेंद्रात मोफत तपासणी करून घ्या.

घरी थांबायचं नाही अशा वेळा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, मानेतली गाठ न जाणं, लेकरू सारखं आजारी पडणं. यातलं काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. घरात रुग्ण असेल तर बाकीच्यांचीही तपासणी होते आणि ज्यांना गरज आहे त्यांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर मिळतात. त्यासाठी आधार आणि बँक पासबुक आशाताईंकडे द्या. हे पैसे डाळ-अंड्यांचे आहेत, डब्याचे नाहीत.

पुढच्या बैठकीत हे करा

- प्रत्येकीने कालच्या दिवसात आपण स्वतः काय खाल्लं ते सांगायचं. घरात काय शिजलं ते नको. सचिवांनी वरच्या यादीवरून प्रथिनांची बेरीज करायची.
- गेल्या सहा महिन्यांत गटातल्या बायकांनी पावडर, टॉनिक आणि ताकदीच्या सलाईनवर एकूण किती खर्च केला, त्याची फळ्यावर बेरीज करा. त्या पैशात किती किलो डाळ आली असती?
- तूर निघाल्यावर गटाने एकत्र डाळ भरडून सभासदांना वर्षाची डाळ देता येईल का? ठराव झाला तर इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.
- कोणत्या लेकराचा लसीचा डोस राहिला आहे? नावं काढून अंगणवाडीतल्या आरोग्य दिवसाला घेऊन जा.
- गटात कुणाच्या घरी जुना खोकला आहे का? हे सगळ्यांसमोर विचारू नका. अध्यक्षांनी घरी जाऊन, मायेने विचारा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जा.

बेरजा आणि ठराव तुमच्या सीआरपी ताईंकडे द्या. पुढच्या अंकात ते गटाच्या नावाने छापू. पुढचा धडा परसबागेचा आहे, तोवर शेवग्याची एक फांदी दाराशी रोवून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, मुदखेड